हिमालयातले दोन आल्डर: नेपालेन्सिस आणि निटिडा वेगळे कसे ओळखायचे

हिमाचल किंवा उत्तराखंडच्या ट्रेकवरून परतलेल्यांच्या निसर्गनोंदींमध्ये एक चूक सारखी दिसते. नदीकाठी आल्डरचं, म्हणजे भूर्जाच्या कुळातलं एक झाड भेटतं, एका पानाचा वरून फोटो निघतो आणि खाली ‘आल्नस नेपालेन्सिस’ असं नाव पडतं. झाडं ओळखणारं ॲपही बहुतेक वेळा तेच नाव सुचवतं, कारण त्या झाडाचे फोटो जास्त आहेत. प्रत्यक्षात त्या खोऱ्यांत आल्डरच्या दोन जाती वाढतात, आल्नस नेपालेन्सिस आणि आल्नस निटिडा. नुसत्या पानावरून त्यांचा निकाल लागत नाही.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकलेली नोंद तुमच्यापुरती राहत नाही. कुठली जात कुठल्या खोऱ्यात किती उंचीवर वाढते, हे पाहणारे लोक याच नोंदी वापरतात. ‘जात नक्की नाही’ अशी नोंद त्यांच्या उपयोगाची असते. चुकीच्या नावाची नोंद मात्र नकाशाच बिघडवते.

सह्याद्रीत आल्डर नैसर्गिकरीत्या वाढत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या झाडांवर तयार झालेली नजर इथे फारशी कामी येत नाही. पळस, काटेसावर, अंजन यांची ओळख आपल्याला पाना-फुलांवरून पटते. आल्डरमध्ये आधी फळ बघायचं, मग बी आणि पान सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की चूक होते, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

पुढे दोघांना मी नुसतं नेपालेन्सिस आणि निटिडा म्हणणार आहे. नेपाळ, दार्जिलिंग, सिक्कीम आणि कुमाऊँ भागात नेपालेन्सिसला उत्तीस किंवा उतीस म्हणतात. हिमाचलात कोश, कुनीश अशी नावं कानावर पडतात, पण ती दोन्ही झाडांसाठी सैलपणे वापरली जातात. स्थानिक नाव विचारा, वहीत लिहून घ्या. निर्णय त्यावर ठेवू नका.

टप्पा १: निघण्यापूर्वीची तयारी

पहिला प्रश्न, तुम्ही कधी जाताय? बहुतेक मराठी मंडळी मे महिन्याच्या सुट्टीत जातात किंवा दिवाळीत. आल्डरच्या दृष्टीने या दोन ऋतूंत फार मोठा फरक आहे.

ही दोन्ही झाडं शरद ऋतूत फुलतात. निटिडा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नेपालेन्सिस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. त्या फुलोऱ्याची फळं पिकायला जवळपास वर्ष लागतं. म्हणजे दिवाळीच्या सुमारास एकाच झाडावर नवे लोंबते नर तुरे, अगदी बारीक नवे मादी फुलोरे आणि गेल्या वर्षीच्या फुलोऱ्यापासून पूर्ण वाढलेले शंकू (आल्डरची लाकडासारखी कडक फळं) असं सगळं एकदम सापडू शकतं. ओळख पटवायला याहून चांगला काळ नाही.

मे महिन्यात नर तुरे गळून गेलेले असतात आणि चालू वर्षाचे शंकू हिरवे, अर्धवट वाढलेले असतात. तरी निराश व्हायचं कारण नाही. आल्डरचे जुने, उघडलेले, काळपट तपकिरी शंकू बी सांडून गेल्यावरही बराच काळ फांदीवर टिकतात. मे महिन्यात शोधायचे ते हेच. ताजे हिरवे शंकू मोजून काही उपयोग नाही.

सोबत घ्यायच्या वस्तू:

- दहा पट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग
- मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी
- कागदी पाकिटं (प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फळ बुरसतं)
- पेन्सिल आणि वही. पेनाची शाई पावसात पसरते
- पांढऱ्या कागदाचे एक-दोन तुकडे
- जमलं तर दुर्बीण, कारण शंकू बहुतेक वेळा उंचावर असतात

> इशारा: राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही तोडू किंवा उचलू नका, खाली पडलेलं फळसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू असतो. तीर्थन आणि सैंज खोऱ्यांत वरच्या बाजूला गेलात की तुम्ही ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत असू शकता. तिथे सगळं काम फोटोवर आणि जागच्या मोजमापावर करायचं.

टप्पा २: जागा लिहा आणि प्रश्न उरतो का ते बघा

झाडाजवळ पोचल्यावर आधी ठिकाण, फोनवरची उंची आणि झाड नेमकं कशावर उभं आहे ते लिहा. पुष्कळदा इथेच निम्मं काम होतं, पण ही पायरी गाळली जाते.

निटिडा पश्चिम हिमालयातलं झाड आहे. पाकिस्तानातल्या स्वात-चित्रालकडून ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि पुढे पश्चिम नेपाळपर्यंत येतं. नेपालेन्सिसचा पसारा हिमाचलपासून पूर्वेकडे आहे: उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम, भूतान, अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मेघालयातल्या खासी टेकड्या आणि भारताबाहेर म्यानमार, युनानपर्यंत.

म्हणून सिक्कीममध्ये मोठ्या वेलदोड्याच्या मळ्यात सावलीसाठी ठेवलेलं आल्डर दिसलं, तर निटिडाचा विचार करायची गरज नाही. संदकफूच्या वाटेवर किंवा नागालँडच्या खोनोमा गावात, जिथे शेतातल्या आल्डरची खोडं वरून छाटून पुन्हा फुटू देतात, तिथेही नाही. तिथलं झाड नेपालेन्सिसच. उलट काश्मीर खोऱ्यात ओढ्याकाठी आपसूक वाढलेलं आल्डर निटिडा असण्याचीच शक्यता मोठी.

खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. चंबा, कुल्लू, मंडी, शिमला, गढवाल, कुमाऊँ या भागांत दोन्ही झाडं असू शकतात, आणि आपले बहुतेक ट्रेक तिथेच असतात. पुढचे सगळे टप्पे याच पट्ट्यासाठी आहेत.

आता पायाखालची जमीन. निटिडा पाण्याला धरून राहतं: नदीकाठचे गोटे, वाळूचे पट्टे, नाल्यांच्या कडा. कुल्लूकडच्या खोऱ्यांत नदीच्या पात्रालगत त्याच्या रांगाच्या रांगा दिसतात. नेपालेन्सिसलाही ओल लागते, पण ते काठ सोडून उतारावर चढतं. दरड कोसळून उघडी पडलेली जमीन, रस्ता कापताना ढकललेला मलबा, ओसाड टाकलेल्या पायऱ्यांची शेतं अशा जागी ते झपाट्याने उगवतं. दरडग्रस्त उतारांवर ते मुद्दाम लावलंही जातं.

ही खूण एकतर्फी आहे, हे नीट लक्षात घ्या. झाड ओढ्यापासून लांब, उतारावर, दरडीच्या मातीत असेल तर नेपालेन्सिसची शंका घ्यायला जागा आहे. झाड पाण्याकाठी असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तिथे दोन्ही असतात. ‘नदीकाठी आहे म्हणजे निटिडा’ असा तर्क बरेच जण करतात आणि फसतात.

> तपासा: वहीत ‘पाण्यापासूनचं अंतर’ आणि ‘आपसूक की लावलेलं’ या दोन गोष्टी लिहिल्यात का? सारख्या वयाची झाडं सारख्या अंतरावर, सरळ रांगांत असतील तर ती बहुधा लावलेली असतात. लावलेल्या झाडाला प्रसाराच्या नैसर्गिक सीमा लागू होत नाहीत.

> इशारा: जलविद्युत प्रकल्पाच्या खालच्या बाजूला नदीच्या कोरड्या पात्रात उतरू नका. पाणी कधीही सोडलं जातं. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. आकाश निरभ्र असतानाही हे होऊ शकतं. झाड काठावरूनच बघा.

टप्पा ३: आल्डरच आहे ना?

दोन जातींत निवड करण्याआधी झाड आल्डर आहे याची खात्री हवी. गोंधळ मुख्यतः भूर्जाच्या कुळबंधूंशी होतो. ज्याच्या सालीवर पूर्वी लिहीत असत तो भूर्ज खूप वर, वृक्षरेषेजवळ असतो. पण त्याचा भाऊ बेटुला आल्नॉइडिस आल्डरच्याच उंचीवर वाढतो आणि चकवतो.

फरक फळात आहे. आल्डरचा मादी फुलोरा वाळला की लाकडासारखा कडक होतो आणि छोट्या देवदारी शंकूसारखा दिसतो. बी बाहेर पडतं, पण खवले जागचे हलत नाहीत आणि अख्खा शंकू फांदीवर राहतो. बेटुलाचं फळ बारीक, लांबुळकं असतं आणि पिकल्यावर विस्कटतं. बियांबरोबर खवलेही गळतात आणि शेवटी नुसती काडी उरते. फळ बोटांत चुरडून बघा. भुगा झाला तर ते आल्डर नव्हे. बेटुलाची साल कागदासारख्या आडव्या पापुद्र्यांत सुटते, हीदेखील मदतीची खूण.

आल्डरच्या कळ्याही बघण्यासारख्या असतात. फांदीवरची पानकळी थेट चिकटलेली नसून छोट्या देठावर उभी असते. भिंगातून हे स्पष्ट दिसतं.

मुळांवरच्या गाठींकडे वळू नका. फ्रँकिया नावाचे जिवाणू आल्डरच्या मुळांत राहून हवेतला नायट्रोजन बांधतात, त्यांच्या या गाठी. काठ खचून मुळं उघडी पडली असतील तर पोवळ्यासारखे झुबके दिसतात. दोन्ही जातींत त्या असतात, त्यामुळे जात ठरवायला त्यांचा उपयोग शून्य. त्यासाठी माती उकरून झाडाला इजा करू नका.

टप्पा ४: शंकूंची मांडणी

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

नेपालेन्सिसचे शंकू फांद्याफांद्यांच्या झुपक्यात येतात. मुख्य दांडीला बाजूच्या दांड्या फुटतात आणि त्या बाजूच्या दांड्यांवर शंकू लागतात. आंब्याचा मोहोर जसा फाटे फुटत पसरतो, तशी ही रचना. एका झुपक्यात शंकू पुष्कळ असतात.

निटिडात दांडी एकच. तिला फाटे फुटत नाहीत, प्रत्येक शंकू आपल्या छोट्या देठाने थेट त्या दांडीवर बसतो. संख्याही थोडी, साधारण तीन ते पाच.

लांबून दोन्ही ‘झुपके’च वाटतात, म्हणून नजरेवर विसंबू नका. सांधे मोजा:

1. झुपक्यातला एक शंकू निवडा. टोकाकडचा नको, झुपक्याच्या बुडाकडचा घ्या.
2. त्याच्या देठावरून बोट (किंवा दुर्बिणीतून नजर) मागे नेत जा.
3. देठ एका दांडीला मिळेल. हा पहिला सांधा.
4. ती दांडी पुढे थेट पानं असलेल्या फांदीला मिळते, की आधी आणखी एका दांडीला? पानांच्या फांदीवर पानं, कळ्या किंवा गळलेल्या पानांचे वण असतात. त्यावरून ती ओळखता येते.
5. दोन सांध्यांत फांदी गाठली तर रचना साधी. तीन लागले तर रचना फाटे फुटलेली.

बुडाकडचा शंकू का? कारण फाटे फुटलेल्या झुपक्यातही अगदी टोकाचे शंकू मुख्य दांडीवर थेट बसलेले असतात. तेवढेच पाहिले तर नेपालेन्सिस हमखास निटिडा वाटतं. माझ्या मते या दोन जातींच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या अशा लोकांकडून होतात ज्यांना मांडणी बघायची असते हे ठाऊक असतं. त्यांनी पाहिलेली असते ती चुकीची बाजू.

दुसरा धोका जुन्या झुपक्यांचा. वारा-पावसात बाजूच्या दांड्या मोडून पडतात आणि उरलेले दोन-तीन शंकू साध्या दांडीवर असल्यासारखे दिसतात. मोडलेल्या दांड्यांचे खुंट भिंगातून शोधा. निदान चार-पाच झुपके, तेही झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंचे, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शंकू फार उंच असतील तर झाडाखाली शोधा. वादळी रात्रीनंतर सकाळी डहाळ्या पडलेल्या असतात आणि त्यांवर झुपके शाबूत असतात. फांदी ओढून मोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

> इशारा: नदीकाठी सुटे पडलेले शंकू उचलून निकाल लावू नका. ते हलके असतात, पाण्यावर तरंगतात आणि वरच्या गावातल्या दुसऱ्याच झाडाचे असू शकतात. ज्या डहाळीला त्याच झाडाची पानंही आहेत, तीच धरा.

> तपासा: झुपक्याचा बाजूने, सांधे दिसतील असा फोटो काढलात का? समोरून काढलेल्या फोटोत दांड्या शंकूंमागे झाकल्या जातात आणि नंतर कुणालाच काही सांगता येत नाही.

टप्पा ५: शंकूची लांबी

मांडणीनंतर लगेच मोजमाप. पट्टी शंकूच्या बुडाला लावा, देठ धरू नका, टोकापर्यंत मोजा.

नेपालेन्सिसचा पूर्ण वाढलेला शंकू साधारण १.५ ते २ सेंटिमीटर लांब असतो. निटिडाचा चांगलाच मोठा, साधारण २.५ ते ३.५ सेंटिमीटर आणि जाडही. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले तर पट्टीची गरज पडू नये, पण एका वेळी एकच जात समोर असते, म्हणून पट्टी.

इथल्या चुका सरळ आहेत. शरदातला काही मिलिमीटरचा नवा मादी फुलोरा शंकू समजून मोजला जातो. मे-जूनमधला हिरवा, अर्धा वाढलेला शंकू मोजला जातो. निटिडाचा असा शंकू नेमका नेपालेन्सिसच्या मापात बसतो आणि घोटाळा पक्का होतो. फांदीवर कडक, तपकिरी, खवले उघडलेले शंकू असतील तर तेच मोजा. एकाच्या मापावर न थांबता वेगवेगळ्या झुपक्यांतले दहा-बारा मोजून सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा लिहा. झुपक्यातला एखादा खुरटलेला शंकू कुठल्याही झाडावर सापडतो.

दोन आणि अडीच सेंटिमीटरच्या मध्ये अडकलात तर आकडा आहे तसा लिहा आणि पुढच्या टप्प्यावर जा. तो ओढूनताणून एका बाजूला नेऊ नका.

टप्पा ६: बी

मांडणी आणि लांबी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तरी बी बघाच. मांडणी नीट दिसली नसेल तर याच टप्प्यावर निकाल लागतो.

नेपालेन्सिसच्या चपट्या बीला दोन्ही बाजूंना पातळ पडद्यासारखे पंख असतात. निटिडाच्या बीला असा पडदा नसतो. कडेला फक्त अरुंद, जाडसर, चामड्यासारखी किनार असते.

बी मिळवायची रीत:

1. पिकलेला पण न उघडलेला शंकू घ्या. रंग तपकिरीकडे झुकलेला हवा. ठार हिरव्या शंकूतलं बी कच्चं असतं आणि त्याचे पंख पूर्ण वाढलेले नसतात.
2. कागदी पाकिटात घालून कोरड्या, उबदार जागी काही दिवस ठेवा. खवले आपोआप उघडतात.
3. पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा.
4. भिंगाखाली एकेक बी उजेडाकडे धरून बघा. पडद्यासारख्या पंखातून उजेड आरपार येतो आणि मधला बीचा भाग गडद दिसतो. जाड किनारीतून उजेड येत नाही, ती बीचाच भाग वाटते.

मुक्कामावर एवढे दिवस नसतील तर पाकीट घरी आणा. पाकिटावर ठिकाण, तारीख आणि झाडाचा क्रमांक तिथल्या तिथेच लिहा. पुण्या-मुंबईला पोचल्यावर दोन पाकिटांतलं कुठलं कुणाचं, हे कुणालाही आठवत नाही.

कागदावर कधी कधी बारीक कडक तुकडेही पडतात. त्यांना बी समजू नका, ते शंकूच्या खवल्यांचे मोडलेले तुकडे असतात. खरं बी चपटं असतं आणि त्याच्या शेंड्यावर दोन बारीक केसांसारखी टोकं असतात. ती दिसली की खात्री.

जुना, पूर्ण उघडलेला शंकू रिकामा असेल तर हताश होऊ नका. बुडाकडच्या खवल्यांत एखादं बी अडकून राहतं. टाचणीने हलकेच काढून बघा. मात्र अशा जुन्या बीचा पातळ पंख झिजून फाटलेला असू शकतो. म्हणून पंख दिसला तर नेपालेन्सिस म्हणायला हरकत नाही, पण जुन्या बीला पंख दिसला नाही म्हणून निटिडा म्हणू नका. ही खूणही एकतर्फी होते.

> तपासा: निदान पाच बिया बघितल्यात का? त्या सगळ्या एकाच झाडाच्या होत्या का?

टप्पा ७: पान आणि साल, आधारापुरते

आता पान. नेपालेन्सिसचं पान लंबगोल, बऱ्याचदा मध्याच्या जरा वर जास्त रुंद. कड जवळजवळ साधी किंवा अगदी उथळ, विरळ दाते असलेली. खालच्या बाजूला राळेचे बारीक ठिपके भिंगातून दिसतात. निटिडाचं पान अंडाकृतीकडे झुकणारं, म्हणजे बुडाकडे जास्त रुंद, टोक लांबट निमुळतं. कड विरळ दात्यांची किंवा जवळजवळ साधी.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. कडेच्या बाबतीत दोघं एकमेकांच्या हद्दीत शिरतात. ‘दाते आहेत म्हणजे निटिडा’ किंवा ‘दाते नाहीत म्हणजे नेपालेन्सिस’ या दोन्ही विधानांना अर्थ नाही. शिरांच्या बेचक्यांत केसांचे झुबके आहेत का, हेही काही जण बघतात. नेपालेन्सिसमध्ये ते असतात, पण निटिडातही असू शकतात.

पान घ्यायचंच तर फळ धरलेल्या फांदीवरचं, पूर्ण वाढलेलं घ्या. तोडलेल्या बुंध्यावरून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं आकाराने मोठी, वेगळ्या ठेवणीची असतात. रस्त्यालगत तीच हाताशी येतात, आणि फोटो त्यांचेच निघतात.

साल: नेपालेन्सिसची राखाडी, चंदेरी छटेची, बरीच गुळगुळीत. निटिडाची म्हाताऱ्या खोडावर जाड, गडद तपकिरी. तरुण झाडं दोघांचीही गुळगुळीत राखाडी असतात, त्यामुळे गडद जाड साल ही निटिडाकडे झुकणारी खूण म्हणून लिहा, पण गुळगुळीत सालीवरून काही ठरवू नका. शेवाळ आणि दगडफुलाने झाकलेल्या खोडाबद्दल तर बोलूच नका.

फुलोऱ्याचा काळ याच वर्गात येतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला परागकण सांडणारं झाड निटिडा असण्याची शक्यता जास्त, डिसेंबरात फुललेलं नेपालेन्सिस असण्याची. पण उंचीप्रमाणे हा काळ पुढे-मागे सरकतो आणि ऑक्टोबरमध्ये दोघं एकदम फुललेले असू शकतात. नर तुऱ्यांच्या लांबीवरूनही काही ठरत नाही. दोघांचेही लांबलचक लोंबतात.

टप्पा ८: निर्णय आणि नोंद

निर्णय घेताना खुणांची बेरीज करू नका. पान, साल, जागा अशा तीन कच्च्या खुणा एका बाजूला आणि मांडणी दुसऱ्या बाजूला असेल, तर मांडणीचंच ऐका. क्रम असा: मांडणी आणि बी पहिल्या दर्जाच्या, शंकूची लांबी दुसऱ्या, उरलेल्या सगळ्या तिसऱ्या दर्जाच्या खुणा.

तीन उदाहरणं घेऊ.

समजा कुल्लूजवळ नदीकाठी झाड आहे, दिवाळीचे दिवस आहेत. एका दांडीवर चार शंकू, बुडाकडून दोनच सांधे, लांबी २.८ ते ३.३ सेंटिमीटर. पान मात्र जवळजवळ बिनदात्यांचं. हे निटिडा. पानाची नोंद करा, पण त्यापायी निर्णय बदलू नका.

समजा मुन्सियारीच्या रस्त्यावर दरडीच्या उतारावर झाडांचा दाट ताफा आहे. शंकूंचे भरगच्च झुपके, तीन सांधे, लांबी १.६ ते १.९. बीला आरपार पंख. हे नेपालेन्सिस, कुठलीही शंका न ठेवता.

समजा मे महिना आहे, कसोलच्या बाजूला ओढ्याकाठी तरुण झाड, फळ एकही नाही, खाली जुने शंकूही नाहीत. इथे लिहायचं ‘आल्नस, जात अनिश्चित’ आणि थांबायचं. ॲपने कितीही टक्के खात्री दाखवली तरी थांबायचं. शेजारच्या झाडावर शंकू असतील तर त्या झाडाची वेगळी नोंद करा. शेजारी आहे म्हणून हेही तेच, असं धरून चालू नका.

नोंदीसोबत फोटो या क्रमाने चढवा: झाड आणि त्याचा परिसर, खोड, झुपका बाजूने, पट्टीला लावलेला शंकू, पांढऱ्या कागदावर बी, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. पहिलाच फोटो पानाचा असला की बघणारे त्यावरूनच नाव सुचवून मोकळे होतात आणि झुपक्याच्या फोटोपर्यंत पोचत नाहीत. वर्णनात ‘शंकू फाटे फुटलेल्या झुपक्यात’ किंवा ‘साध्या दांडीवर’ हे शब्द जरूर लिहा. फोटो अंधुक आला तरी ते वाक्य उपयोगी पडतं.

दुसऱ्यांनी वेगळं नाव सुचवलं तर कारण विचारा. कारण पानाचं असेल तर आपलं मोजमाप दाखवा. कारण मांडणीचं असेल तर झुपका पुन्हा नीट बघा.

युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी

वरची पद्धत तिकडे जशीच्या तशी लावू नका. तिथे नेहमी भेटणारी जोडी म्हणजे आल्नस ग्लुटिनोसा आणि आल्नस इन्काना. दोन्ही पानं फुटण्याआधी, हिवाळ्याच्या अखेरीस फुलतात. तिथे मात्र पान खरोखर कामाला येतं. ग्लुटिनोसाचं पान गोलसर, टोकाला बसकं किंवा खाच पडलेलं आणि कोवळे कोंब चिकट असतात. इन्कानाचं पान टोकदार, कडेला दुहेरी दाते आणि खालून राखाडी लवेचं. ग्लुटिनोसाच्या शंकूंना स्पष्ट देठ असतो, इन्कानाचे शंकू दांडीला जवळजवळ चिकटून बसतात. या दोघांचा संकरही होतो, त्यामुळे अधल्यामधल्या खुणांचं झाड दिसलं तर ते तसंच लिहा, ओढून एका नावाखाली आणू नका.